हिरामणने चाखलेली माती

हिरामण मिठागरात वाढलेला माणूस. शाळा तिसरीपर्यंतच, पण मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या आगरातला ते सांगायचा. खारेपाटात अशी जीभ दुसरी न्हाय, हेही तोच सगळ्यांना सांगायचा.

एकोणीसशे एकतीस साली धाकट्या भावाचा, नामाचा निरोप आला. नामा काशीदला एका शेठच्या बंगल्यावर माळी होता. बंगल्याच्या वाटेच्या दोन्ही कडांना लावलेली अबोली करपत चालली होती. नाताळात शेठाणी येणार होती. बाग धड नसेल तर दुसरा माळी ठेवीन, असं ती बजावून गेलेली. नाताळाला पंधराच दिवस उरले होते.

फाटकात शिरताच हिरामणने धोतराचा सोगा नाकाला लावला.

"काय मेलंय रं इथं?"

"खत हाय, दादा."

झाडांच्या बुडाशी मासळीची डोकी, आतडी, काळा चिखल. वर माश्या घोंगावत होत्या.  तरी हिरामण उकिडवा बसला. पानं कडेकडेनं तपकिरी, मधे हिरवी. कीड असती तर भोकं पडली असती. देठ नखानं खरवडला. आत ओल होती. विहिरीचं पाणी प्याला, गोडं. उरली माती. डोळे मिटून त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला. परत थुंकला.

"नुसतं मीठ! कुठनं आणलीस ही घाण?"

"मासळी खारवतात ना, त्यांच्या पिंपातली. फुकट मिळाली."

"अरे मिठात मुरलेली आतडी झाडाला? बैलसुद्धा हुंगून खातो, नाम्या!"

नामा पुटपुटला, "शिमग्याला तूच बोललास. मासळीसारखं खत न्हाय, डोळे मिटून घाल."

व्हय, बोलला होता. दहा माणसांत, मांडीवर थाप मारून. कसली मासळी ते मात्र सांगितलं नव्हतं. हिरामणला त्या चिखलाइतकीच आपल्या तोंडाची शिसारी आली.

मग त्यानं ती घाण स्वतः उपसली. वरची चार बोटं माती खरवडून दूर टाकली, कडेनं पाट काढला, की मीठ धुऊन बाहेर जावं. रोज विहिरीचं पाणी भरपूर सोडायचं, वर झावळ्यांची सावली, खताचं नाव न्हाय. रोज सकाळी माती चाखायची, थुंकायचं. आठव्या दिवशी खारटपणा गेला. बाराव्या दिवशी पेरांतून पोपटी फुटवे आले.

शेठाणी आली. फूल एकही नव्हतं.

"हे काय करून ठेवलंस, नामा?"

 हिरामण पुढं झाला.

"खत मी सांगितलं होतं, बाई. चुकलो."

हा शब्द त्याच्या तोंडून घरच्यांनीही कधी ऐकला नव्हता. अजून रेंगाळणाऱ्या वासानं शेठाणीनं नाकाला रुमाल लावला, वाकून फुटवे बघितले.

"नामा राहील. तू मात्र परत बागेत पाय ठेवायचा नाहीस."

हिरामण लाल झालेल्या कानांनी निघाला. नामा फाटकापर्यंत मागं आला.

"दादा, आता खत कधी घालू?"

"माळी कोण, तू का मी?" हिरामण खेकसला, आणि काही न सांगता चालू लागला.