चेहरा शेठच्या मुलाचा

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. सांगलीकडून वर्ध्याला आलो तेव्हा सिंदी मेघेतल्या एका शेठनं राहायला खोली दिली, चालवायला रिक्षा दिली. ते उपकार मी आजही मानतो. त्यांच्या पाच रिक्षा मोबाइलवरच्या ॲपला जोडलेल्या. सवारी ॲपवरच यायची. चालकाचा आयडी मात्र माझ्या नावाचा नव्हता. त्याला दहावी पास लागते, शेठ म्हणाले. शिक्षणाचं निघालं की मी पुढं काही विचारत नाही. तेव्हाही नाही विचारलं.

रोज सकाळी ॲप चालकाचा चेहरा मागायचं. शेठचा थोरला मुलगा ब्रश करत ओट्यावर यायचा, तोंड पुसून मोबाइलकडे बघायचा, मग माझा दिवस सुरू. सवाऱ्या त्याच्याच नावानं हाक मारायच्या. दोन वर्षं मी ओ देत राहिलो.

उन्हाळ्यात शेठच्याच दुसऱ्या एका चालकाचा अपघातात पाय मोडला. गावाकडून बायको फोनवर रोज विचारायला लागली, तुमचं काही झालं तर आम्हाला बघणार कोण? म्हणून कामगार कार्यालयात ॲपवाल्या चालकांची विम्यासाठी नोंदणी सुरू झाल्याचं कळताच मी रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी आधी मोबाइल पाहिला, मग मला.

"भाऊ, हे तुम्ही नाई. या फोटोतल्या भाऊची नोंदणी तं मागच्याच आठवड्यात झाली."

मी दहावीचं सांगितलं.

"आयडीले शिक्षण कोण विचारते? लायसन आहे ना तुमच्यापाशी?"

होतं. दोन वर्षं खिशातच होतं. रांग सोडून मी तसाच शेठकडे गेलो.

शेठ चिडले नाहीत. चहा मागवला. "काऊन भेतं रे? नाव पोराचं असलं तं काय झालं, रिक्षा तं तूच चालवून राह्यला ना." त्यांना यात काही वावगं दिसतच नव्हतं. कार्यालयातल्यापेक्षा मोठा धक्का मला इथं बसला. आयडी माझ्या नावानं करा म्हणालो, तर म्हणाले, मग रिक्षाही सोताचीच आण.

दुसऱ्या दिवशी मुलानं सवयीनं चेहरा दाखवला, मीही सवयीनं निघालो. पवनारच्या थांब्यावर एका ताईंनी त्याचं नाव घेऊन विचारलं, तुम्हीच ना?

"नाही ताई," मी म्हणालो, "तो मी नाही."

त्यांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि आत ठेवलेला पाय मागं घेतला. त्यांचं बरोबरच होतं. मी रिक्षा वळवली, शेठच्या ओट्यापाशी लावली, किल्ली आत दिली. खोली कधी सोडायची, ते अजून कुणी बोललेलं नाही. बायकोलाही अजून फोन केलेला नाही.