इंजिनाची दोन बोटं

फुटबॉलच्या टीममध्ये तिला सगळ्या ‘इंजिन’ म्हणत. सतरा वर्षांची, मधल्या फळीत खेळणारी, अख्खं मैदान पालथं घालणारी. सरावाआधी सर रोज विचारत, “किती दमलात? बोटं दाखवा.” दहा म्हणजे पार गळालो, एक म्हणजे ताजेतवाने. इंजिन कायम दोन दाखवायची. जास्त दाखवली आणि शनिवारी बाकावर बसवलं तर?

हंगाम भरात आला. दर शनिवारी सामना, मध्ये सराव. एकदा सरांनी बाकीच्यांना सोडलं, तिला थांबवलं.

“तुला आपला सराव पुरतच नाही बघ. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीही दोनच बोटं! उद्यापासून तुला जादा फेऱ्या.”

“हो, सर.” दुसरं काय म्हणणार? बोटं तिचीच होती.

पोटऱ्यांचे दगड झाले. मांड्या इतक्या दुखायच्या, की घरी ती कठडा धरून जिना उलटा उतरू लागली.

“हे काय नवीन?” आईनं खालून विचारलं.

“व्यायाम आहे. सरांनी सांगितलाय.”

जेवताना तिचे डोळे मिटू लागले, तशी आई म्हणाली, “आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायचाही सांगितलाय वाटतं? अगं, बोल ना त्यांच्याशी.”

“बोलले तर माझी जागा दुसरीला जाईल, आई.”

“न बोलता तरी किती दिवस टिकवशील?”

ती ताट तसंच सरकवून उठली.

शनिवारी एक साधा पास तिच्या पायाशेजारून निघून गेला. डोळ्यांना दिसला, पाय हललाच नाही.

“इंजिन, डिझेल संपलं का गं?” गोलकीपर मागून ओरडली. सामना कसाबसा जिंकला, म्हणून नंतर सगळ्या त्यावर खदखदून हसल्या.

पुढच्या सरावाला सरांनी विचारलं, “बोला, किती?”

तिनं दोन्ही हात वर केले. आठ बोटं.

मग गोलकीपर म्हणाली, “सर, आठ फेऱ्या जादा मागतेय ती!”

हशा पिकला. सरही हसले. “ए नौटंकी, पुरे आता. खरं सांग.”

तोंड उघडलं तर रडूच फुटणार होतं, म्हणून तीही हसली. हसत हसत एकेक बोट मिटत गेली. दोन उरली.

“हां, आता कसं!” सर म्हणाले, आणि शिट्टी वाजली.