दिलीपचा उजवा खांदा

माहेरी हे कुणालाच ठाऊक नाही. सासरी ठाऊक आहे, पण तिथं ते कुणाला पाप वाटत नाही. तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगते.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा, आणि तालमी पेठांच्या. माझं माहेर एका पेठेत, सासर दुसऱ्या पेठेत. माहेरच्या तालमीनं लीग कितीदा जिंकली, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सासरच्या तालमीनं एकदाही नाही. सामन्याच्या दिवशी घरात मी परकी. आमटीत मीठ जास्त झालं तरी "माहेरचा हात पडला" म्हणायचे. हसून — पण म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ दिलीप माहेरचा गोलकीपर. त्या वर्षी फायनल याच दोन तालमींत; तिच्या आधी मी त्याला भेटायला गेले, तर त्याचा उजवा खांदा दुखावलेला. हात वर जात नव्हता. मीच तेल चोळलं. हे घरच्यांना आणि त्याच्या दोस्ताला, बाळूला, एवढ्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सासरी जेवताना दीर, तोही तालमीचा खेळाडू, म्हणाला, "वैनी, तुमच्या दिल्याला गोल मारायचा म्हंजे दगडाच्या भिंतीत खिळा ठोकायचा की."

मी बोलले. चुकून? बरीच वर्षं मी स्वतःला तसंच सांगितलं. पण चुकून नव्हतं ते.

"उजवा हात वर जातोय कुठं त्याचा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं मला भाकरी वाढली. मला बरं वाटलं — फार बरं वाटलं.

फायनलमध्ये प्रत्येक चेंडू दिलीपच्या उजवीकडं, वर. कॉर्नरला दीर उडी मारून त्याच खांद्यावर आदळला. खांदा निखळला. सासरची तालीम पहिल्यांदा लीग जिंकली. गुलालानं माखलेली पोरं दारात आली, तेव्हा ओवाळायला मीच पुढं झाले. पहिला दीरच होता.

दिलीप पुन्हा खेळला नाही.

फितूर कोण, हे माहेरी लगेच ठरलं. बाळूचं गॅरेज माझ्या सासरच्या पेठेत — आणखी काय पुरावा हवा? त्याला तालमीतून काढलं. दिलीपनं त्याच्याशी बोलणं टाकलं. राखीला मी जायचे, बाळूचं नाव निघालं की दिलीप शिव्या घालायचा, आणि मी ताट आवरायला घ्यायचे. एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले.

मागच्या महिन्यात बाळू गेला. दिलीप मातीला गेला नाही. मी गेले. बाळूच्या बायकोनं माझा हात धरला.

"ताई, त्या घरातनं तुमी एकट्याच आलासा."

मी हात सोडवून घेतला नाही.