अण्णांचा रुमाल

मुलाच्या गाडीत नातीचा पट्टा खट्‌कन लागला, की मला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्याच्या रुमालाचा तेलकट वास येतो. लहानपणी भालकीच्या दवाखान्यात सुई टोचून घेऊन आम्ही मामाकडं हुलसूरला निघालो, तर नर्सबाई जीपपाशी आल्या. “पोरीला पुढं मांडीवर कामून बसवायलाव? ब्रेक लागला तर काचंवर आदळंल. मागं बसवून बांधा.” बांधायला काहीच नव्हतं. अण्णांनी डोक्याचा लांबलचक रुमाल सोडला अन् मला बाकाला गुंडाळलं. हुलसूरला ते बोडक्यानं उतरले. बोडका माणूस दारात आला म्हणजे कुणीतरी गेलं, म्हणून मामीनं हंबरडाच फोडला. तेवढ्यात मी जीपमधून ओरडले, “मला सोडा की!” मामी रडता रडता खाली बसून हसायली. आता नात पट्ट्यावरून कुरकुरली की मी म्हणते, “गप बस. तुझ्या बापाला यासाठी डोकं उघडं करावं लागत न्हाई.”