खोबरेलाचा उंचवटा

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या पलीकडे, एका औद्योगिक गाळ्यात आमची प्रयोगशाळा होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी तिथे नवीन, अजून कायम झाले नव्हते. बाबा घरी बसलेले, त्यामुळे ही नोकरी टिकवणं भागच होतं.

काम असं, की करंजाच्या बियांचं तेल काढायचं, ते मेथॅनॉल आणि आम्लाबरोबर तापवायचं, आणि वर येणारा स्वच्छ थर यंत्राला द्यायचा. मग कागदावर आलेखाचे उंचवटे उमटत. तेलातल्या प्रत्येक मेदाम्लाची, म्हणजे फॅटी ॲसिडची, जागा ठरलेली. प्रयोगशाळा चालवणारे सर भारी काटेकोर. काचेच्या भांड्यांना ते कुणाला हात लावू देत नसत. स्वतःच घासायचे, तेही घरून आणलेल्या अंगाच्या साबणाने.

एकदा नको तिथे उंचवटा आला. लॉरिक आम्ल. करंजात ते नसतं, खोबरेलात मात्र भरपूर. सरांनी कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर माझ्या वेणीकडे बघितलं.

"डोक्याला तेल चोपडून येतेस ना? मग हेच होणार."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. चोपडून तर मी यायचेच. आई रोज सकाळी मागे बसून वेणी घालायची, तेल कपाळावर ओघळेपर्यंत. त्या संध्याकाळी शेअर रिक्षात मी अंग चोरून बसले. मला माझाच वास येत होता.

घरी येऊन डोकं खसाखसा धुतलं.

"आज काय रविवार आहे?" आईने विचारलं.

"उद्यापासून माझ्या केसांना हात लावायचा नाही," मी खेकसले. मी पार्लरमध्ये जाऊन केस कापून आले.

उंचवटा येतच राहिला. शेवटी सरांनी करंजाचं तेल न घालता, नुसत्या धुतलेल्या भांड्यात तीच सगळी प्रक्रिया केली. लॉरिक हजर. त्यांचा साबणच खोबरेलाचा होता.

"हं," एवढंच म्हणून त्यांनी शिपायाला धुण्याची पावडर आणायला पाठवलं. बाकीचे आपापल्या कामात गर्क झाले. मला खरं तर राग यायला हवा होता. आली ती लाजच, आपल्यामुळे सर तोंडघशी पडले म्हणून. मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"सॉरी सर, माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास झाला."

"असू दे," सर म्हणाले. "पुढच्या वेळी काळजी घे."