पोहोच आल्याशिवाय हलवू नये

अणदूरच्या बसस्टँडसमोर बब्रुवानचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोला पाच मिनिटं लागतात असं तुम्हांला वाटत असेल तर एकदा तिथं जाऊन या. हा गडी तुमची हनुवटी धरून मान वळवणार, कॉलरचं बटण स्वतः लावणार आणि तुम्ही हसलात तर वर खेकसणार, "फोटो काढायला आलाव का दात दाखवायला?" तीस वर्षं हेच चाललंय. रीळ गेलं, डिजिटल आलं, बब्रुवान आहे तसाच.

मागच्या दिवाळीनंतर सोलापूरच्या अल्बम छापणाऱ्या लॅबनं सगळ्या स्टुडिओवाल्यांना एक सॉफ्टवेअर दिलं. पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीनं हेलपाटे मारायचं काम संपलं. आपल्या कम्प्युटरवर एक फोल्डर ठरवायचा, त्यात फोटो टाकायचे, की सॉफ्टवेअर ते आपोआप लॅबला पाठवणार. फक्त आपल्या बाजूची सेटिंग आपण करायची, आणि तिथं बब्रुवानची गाडी तीन दिवस अडली. पुण्यात नोकरी करणारी लेक निकिता फोनवर, आणि हा चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावून बसलेला.

"आबा, फोल्डरला नाव द्या काहीतरी."

"दिलं. अणदूर."

"बरं. आणि लॅबच्या बाजूला?"

"नळदुर्ग."

निकिता हसून हसून बेजार झाली. पण अणदूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? दोन गावं, दोन देवळं, खंडोबा मात्र एकच. वर्षातले काही महिने देव नळदुर्गला जातो आणि बाकीचे अणदूरला असतो. निघायच्या आधी दोन्ही गावची माणसं बसून करार लिहितात. तो लिहून झाल्याशिवाय देव जागचा हलत नाही.

पुढचा प्रश्न आला: फोटो पाठवून झाल्यावर मूळ फोटोचं काय करायचं? आहे तिथंच राहू द्यायचा, दुसऱ्या फोल्डरात हलवायचा, की पुसून टाकायचा? बब्रुवाननं बेधडक 'पुसून टाका' निवडलं.

"अहो आबा, असू द्या की इथंपण एक!"

"देव नळदुर्गला गेल्यावर हितल्या गाभाऱ्यात ऱ्हातो व्हय? गेला म्हंजे गेला. आन् ह्या डबड्यात जागा कुठंय?"

त्याच्याच खाली एक बारीक चौकोन होता: 'पोहोच तपासल्यावरच पुसा.' बब्रुवानचा चेहरा खुलला. त्यानं टिक केली.

"त्यानं लई हळू जातं, आबा."

"जाऊ दे. लिवून घेतल्याबिगर म्या कुणाला काय देत न्हाय."

आता बापासमोर कोण बोलणार? निकितानं फोन ठेवला.

मग लग्नसराई आली आणि ती टिक डोक्याला ताप झाली. एकेका लग्नाचे फोटो जायला दोन-दोन दिवस लागू लागले. गिऱ्हाइकं दारात येऊन बसायची. शेवटी निकिता फोनवर वैतागली, "आबा, आजच्या आज काढा ती टिक!" बब्रुवान म्हणाला, "काढतो बाई." माऊस तिथवर नेला. तेवढ्यात कुणीतरी आधारकार्डाची झेरॉक्स मागायला आलं.

त्याच आठवड्यात हायवेच्या कडेला खोदताना कुठंतरी केबल तुटली आणि दोन दिवस नेट गायब झालं. नेट आलं, तेव्हा तालुक्यातल्या दोघा-तिघा फोटोवाल्यांनी डोकं धरलं. फोटो इकडून पुसले गेले होते आणि तिकडे पोचलेच नव्हते. बब्रुवान ऐकून चुकचुकला आणि कामाला लागला. एवढी धांदल होती की आपलं काय झालं ते बघायचंही राहिलं.

आणि एका दुपारी हरणाबाई आली.

महिन्याभरापूर्वी तिच्या नातीच्या लग्नाचे फोटो बब्रुवाननंच काढले होते. लग्नानंतर पाचव्या दिवशी तिचा नवरा गोरोबा बसल्या जागी गेला. गोरोबा मेंढरांमागं हिंडणारा माणूस. वर्षातले आठ महिने मुलखावर असायचा. दोघांचा एकत्र असा एकच फोटो, तोही बब्रुवाननं लग्नात जबरदस्तीनं उभं करून काढलेला.

"भितीवर लावायला पायजे," हरणाबाई म्हणाली. "आधारावरचा हाय, पर त्यात चोरावानी दिसत्यात. पोरं भितील."

बब्रुवान हसला, आणि हसता हसता त्याला तारीख आठवली. हे लग्न केबल तुटली त्याच आठवड्यातलं. त्यानं लॅबला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, असलं लग्न आमच्याकडं आलेलंच नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तर दुसऱ्याच दिवशी साफ करून पुढच्या लग्नाला वापरलेलं. आता राहिला तो चौकोन. टिक काढली होती की नव्हती? देवाशप्पथ, त्याला आठवेना.

"बसा मावशी," तो म्हणाला आणि तिच्याकडं स्टूल सरकवलं.

त्यानं सेटिंग उघडली. टिक जागच्या जागी होती! 'अणदूर' फोल्डर उघडला. नेट गेल्यावर मध्येच अडकलेले, पोहोच न आलेले चारशे बारा फोटो तिथं मुकाट बसून होते. बब्रुवाननं खुर्चीतूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले. जीव भांड्यात पडला की माणूस बडबडतो तसा तो बडबडायला लागला. त्यातलं हरणाबाईला काही कळलं नाही.

मग त्यानं तो फोटो काढून दाखवला. हरणाबाई समोर बघतेय, ताठ, घाबरलेली. आणि गोरोबा? बब्रुवान ओरडत होता कॅमेऱ्याकडं बघा म्हणून, तरी तो हरणाबाईकडं बघतोय.

ती स्क्रीनजवळ वाकली. पदरानं डोळे पुसले.

"मला कुठं ठावं हुतं," ती म्हणाली. "म्या तर म्होरं बघत हुते."

बब्रुवाननं प्रिंटरमध्ये कागद घातला.

"दोन काढा."

"दोन कशाला, मावशी?"

"एक हितं, एक नळदुर्गला लेकीच्या घरी. जलमभर त्येंची वाट बघितली म्या. आता मी हितं असो का तिकडं, माझ्या आधी त्येनी तिथं असाय पायजे."

बब्रुवाननं दोन फोटो काढले, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून दिले आणि तिला बसपर्यंत सोडून आला. परत येऊन त्यानं सेटिंग उघडली. 'पुसून टाका' काढलं आणि 'आहे तिथंच राहू द्या' निवडलं. मग निकिताला फोन लावून मोठी हार्डडिस्क मागवली.