मराठीत बोल

माझा आवाज किती कर्कश आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. एम.एड.ला नाव घातलं होतं, तेही बढतीसाठी. बावीस वर्षं चौथीला शिकवून झाल्यावर मला शिकवणं कोण शिकवणार, अशी माझी घमेंड! तिथल्या सरांनी पहिलाच गृहपाठ दिला: स्वतःचा एक तास फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यातला शब्द न् शब्द लिहून आणा. पोरांचेसुद्धा. प्रश्न विचारून किती वेळ थांबलात, तेही.

रेकॉर्डिंग लगेच झालं. लिहायला मात्र मी आमच्या पोरांसारखीच, गृहपाठ द्यायच्या आदल्या रविवारी बसले. दुपारची वेळ होती. नाशिक रोडच्या आमच्या घरात टेबलावर फोन, समोर वही आणि पलीकडे सासूबाई मेथी निवडत होत्या. 'कळलं का?' असं मी पस्तीस मिनिटांत एकतीस वेळा विचारलं होतं आणि एकदाही उत्तराची वाट पाहिली नव्हती. ऐकता ऐकता मलाच माझा राग यायला लागला.

मग भागाकाराचं उदाहरण आलं. "कोणाला येतं?" असं मी विचारल्याबरोबर अगदी जवळून एक बारीक आवाज काहीतरी म्हणाला. त्यावर मी म्हणत होते, "येस-नो घरी! इथं मराठीत बोल." वर्ग खो-खो हसला.

फोन मी पहिल्या बाकावर ठेवला होता. तिथं बसते ती मुलगी जूनमध्ये सटाण्याकडून आलेली. तिचे वडील इथंच नाशकात, द्वारका चौकात टेम्पो चालवतात. त्या गलक्यात मला फक्त 'येस' ऐकू आलं होतं आणि पुढे मी ते विसरूनही गेले होते. पण पोरगी तेव्हापासून तीन आठवडे गप्प होती. तिच्या नोंदीत 'अबोल, लक्ष नाही' असं लिहून मी मोकळी झाले होते. तिची आई शाळेच्या फाटकाशी भेटली होती. "बाई, घरी बी बोलत नाय आता ती. असंच राहिलं तर दिवाळीनंतर गावाला आजीकडंच ठेवू," म्हणाली होती.

मी तो तुकडा पुन्हा लावला. सासूबाईंचा हात थांबला.

"'माले येस' म्हणतेय ती," त्या म्हणाल्या. "अहिराणी आहे. मला येतं, असं सांगतेय."

"तुम्हाला येते अहिराणी?"

"माहेरची आहे माझी. लग्न होऊन इथं आले तेव्हा नळावरच्या बायका हसायच्या. मग सोडली." आणि त्यांनी पुढची जुडी ओढली.

एकोणीस वर्षं आम्ही एकाच स्वयंपाकघरात वावरतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी बसले, मेथी निवडू लागले. समोरच्याला बोलूच न देण्याची माझी खोड घरातही असणार. ते कळायला काही रेकॉर्डिंग लागत नाही.

सोमवारी मी सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं. चूक माझी होती." ती खाली बघत राहिली. माफी मागितली की पोरं लगेच गळ्यात पडतात, असा माझा समज होता. तसं काही होत नाही.

मग प्रश्न विचारून झाला की मनात पाचपर्यंत मोजायची सवय लावून घेतली. माझ्यासारख्या बडबडीला तोंड मिटून उभं राहणं किती जड जातं, ते मला विचारा. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, विसरल्या का?" पण मोजणं चार-पाचाच्या आसपास आलं की असे हात वर यायला लागले, जे मी कधी पाहिलेच नव्हते. तिचा मात्र नाही. इंदिरानगरातली आमची शाळा सुटली की तिची आई लांबूनच नजरेने विचारायची आणि मी नकारार्थी मान हलवायचे. रोज जीव तुटायचा.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. मी वही तपासायला तिच्या बाकावर टेकले. भागाकार सगळे बरोबर. मी शाबासकी दिली नाही, काही विचारलंही नाही, नुसती बसून राहिले. मोजणं पाचाच्या कितीतरी पुढे गेलं. मग वहीकडेच बघत ती हळू म्हणाली,

"बाई, मी मराठीतच बोलले होते."

आई बोलते, आजी बोलते, अख्खं गाव बोलतं, ती भाषा तिच्यासाठी मराठीच होती. ते मराठी नव्हे, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं होतं.

"हो गं बाळा," मी म्हटलं. "मराठीतच बोलली होतीस."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलतेय का, ते ती बघत होती.